एकास चोवीस

टेप ओढली तेव्हाच कळलं, घाई झाली.
काठाखालून लाल रंग सायीच्या पट्ट्यात झिरपलेला,
मुंगीनं पाय बुडवून चालत जावं तसा.
आणि मागच्या चाकाच्या वर तर
टेपेबरोबर रंगच निघून आला,
खालचं करडं प्रायमर उघडं,
गुडघा फुटल्यासारखं.

उद्यमबागेत सव्वीस वर्षं
मी लाकडाचे पॅटर्न कोरले, पंपाचे, व्हॉल्व्हचे,
ओतलेलं लोखंड किती आकसणार
ते आधीच हिशेबात धरून.
फौंड्री बंद पडली, हात पडले नाहीत.
आता वडगावात माडीवर बसगाड्या करतो,
एकास चोवीस.
म्हणजे इथला एक मिलिमीटर
तिथे जवळजवळ इंच.
म्हणजे इथली मुंगी तिथे कोंबडी.

गिऱ्हाईक दुंडाप्पा काकतकर,
खानापूर डेपो, रिटायर.
चौदा वर्षं कणकुंबीची मुक्कामी गाडी.
फोटो एकच आणला,
त्यात बस कमी, मेव्हणा जास्त.
"हीच करून दे की गा," म्हणाले,
आणि ॲडव्हान्स म्हणून पाचशेची नोट
घडी उलगडून, इस्त्री केल्यासारखी हातानं दाबून ठेवली.

तर दुरुस्ती.
पहिलं काम, काही न करणं.
दोन दिवस गाडी टोपलीखाली झाकून ठेवायची;
रंग वाळला असं बोटाला वाटतं,
रंगाला नाही.
गोंद राहिला तिथं रॉकेल, काडीच्या कापसाला,
घासायचं नाही, टेकवायचं.
मग दोन हजार नंबरचा पॉलिशपेपर
साबणाच्या पाण्यात भिजवून, एकाच दिशेनं,
तान्ह्याच्या टाळूवर तेल जिरवावं तितक्याच जोरानं.
उघड्या जागी पातळ थर. वाळला की पुन्हा पातळ.
चौथ्याला खड्डा भरल्यासारखा वाटतो, पाचव्याला भरतो.
मग नवी टेप,
तळहातावर दोनदा चिकटवून तिचा हट्ट कमी केलेली,
आणि तिच्या काठावर आधी सायीचाच रंग:
झिरपायचं ते आपल्यातलंच झिरपू दे,
लाल मागाहून.

काढायच्या वेळी खालच्या घरात यंत्रमाग सुरू.
अख्खी फरशी थरथरत होती.
जिन्यातून ओरडलो, "सोमण्णा, एरडे निमिष निल्सरी!"
माग थांबला.
टेप तिच्याच अंगावर दुमडत, दुमडत
आणली मागच्या दिव्यापर्यंत.
रेघ अशी, की ब्लेडनं कापून ठेवली.

काकतकर आले. चष्मा काढला, पुसला, घातला.
गाडीभोवती फिरले,
हवा तपासावी तसं एकेका चाकावर टकटक केलं.
"सरळ आलीय," म्हणाले.
मी चहा सांगायला उठलो.
"पण आमची सरळ नव्हती."

डेपोत दस्तगीर पेंटर टेप लावायचा नाही.
डबा, ब्रश आणि तो.
पुढून सुरू करायचा, आणि मागच्या चाकापाशी येईतो
त्याचा खांदा भरून यायचा,
म्हणून तिथं रेघ वर चढायची, दोन बोटं.
"धुक्यात पाटी कुणाला दिसते?
दिसली तरी अक्षरं कधी ही, कधी ती.
बायका लांबनं रेघ बघायच्या.
उचललेली दिसली की गाठोडं डोक्यावर.
आली म्हणायच्या, आमची."

दोन बोटं भागिले चोवीस.
दीड मिलिमीटर.
आणि नेमकं तिथंच, जिथं रंग निघून आला होता,
जिथं मी पाच थर दिले.

रात्री टेपेचं रीळ खणात टाकलं.
शून्य नंबरचा ब्रश घेतला, ओठात ओला करून टोक काढलं.
सोमण्णाचा माग चालूच ठेवला.
पुढच्या दारापासून सुरुवात केली, टेकू न घेता,
आणि मागच्या चाकापाशी पोचलो
तेव्हा खांदा माझाही दुखायला लागला होता.
बरं झालं.